तगादा म्हणजे संस्कार नव्हे

मुलांच्या पाठीस लागल्यावाचून मुले वळणावर येत नाहीत, हे मत आपल्या मध्यमवर्गीय समाजात इतके सर्वमान्य होऊन बसले आहे की ते केवळ एक मत आहे, पारखून घेतलेले सत्य नव्हे, याचाही आपल्याला विसर पडला आहे. लग्नाच्या मांडवात, शाळेतील पालकसभेत, लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या आवारात, जेथे जेथे दोन आईबाप एकत्र येतात तेथे तेथे हे वाक्य उच्चारले जाते, ऐकणारा मान डोलावतो आणि आपल्या घरची चार उदाहरणे जोडून त्याला पुष्टी देतो. पण त्याच घरातले बारा-तेरा वर्षांचे मूल जेव्हा रडकुंडीला येऊन म्हणते, "मला जरा माझं माझं करू द्या ना, सारखं सारखं सांगू नका," तेव्हा ते उद्गार कोणी पालकसभेत सांगत नाही. उद्धटपणाचे, आळसाचे किंवा मोबाइलने नासविलेल्या पिढीचे लक्षण म्हणून ते जागच्या जागी निकालात काढले जातात. मला या निकालाचा संताप येतो आणि तो लपविण्याची गरज मला वाटत नाही. कारण ज्या मागणीला आपण उद्धटपणा म्हणतो ती माणसाच्या अंतःकरणातील अत्यंत निरोगी मागणी आहे, आणि ती ज्या वयात प्रथम उमटते त्याच वयात तिला दडपून टाकण्याचा विडा आपण उचलला आहे.

या मताचा कैवार घेणाऱ्यांचे म्हणणे मी त्यांच्याच बाजूने मांडतो. मूल स्वभावतः चंचल, आळशी आणि अदूरदर्शी असते. आपले हित कशात आहे हे त्याला कळत नाही. ते कळण्याइतके वय होईपर्यंत आईबापांनी त्याच्या बुद्धीची मुखत्यारी आपल्याकडे घ्यावी, म्हणजेच प्रत्येक गोष्ट त्याला सांगावी, सांगून झाली नाही तर पुन्हा सांगावी, पुन्हा झाली नाही तर आवाज चढवून सांगावी. जे आईबाप असे करीत नाहीत ते एक तर निष्काळजी असतात किंवा मुलाला डोक्यावर बसवून ठेवतात. आम्हीही बोलणी खाऊनच मोठे झालो, आमचे काय वाकडे झाले? शिवाय बाहेर स्पर्धा जीवघेणी, काळ धोक्याचा, हातात मोबाइल. अशा दिवसांत मोकळीक देणे म्हणजे मुलाला आपल्या हाताने खड्ड्यात लोटणे. आणि या सर्वांवर कडी करणारे, वादच मिटवून टाकणारे शेवटचे विधान असे की, आम्ही बोलतो ते त्याच्याच भल्यासाठी.

पहिल्या विधानापासूनच सुरुवात करू. 'सांगितल्याशिवाय करीत नाही' हे मुलाच्या स्वभावाचे वर्णन आहे की आपल्या सांगण्याच्या परिणामाचे? ज्या मुलाला पाच वर्षांचे असल्यापासून रोज हाक मारून उठविले, दप्तर भरलेस का म्हणून रोज विचारले, पाण्याची बाटली रोज आठवणीने हातात दिली, ते मूल पंधराव्या वर्षी आपण होऊन उठत नाही, दप्तर भरीत नाही आणि बाटली विसरते, यावरून त्याचा आळस सिद्ध होतो, की दहा वर्षे चालविलेल्या एका पद्धतीचे संपूर्ण वैफल्य? दुसरी कोणतीही उपाययोजना दहा वर्षे निष्फळ ठरली असती तर आपण तिच्याविषयी शंका घेतली असती. येथे मात्र अपयशाचा सगळा बोजा जिच्यावर ती अजमावली त्या लहान व्यक्तीच्या माथी मारून आपण तीच योजना अधिक मोठ्या आवाजात पुढे चालवितो.

या पद्धतीचे खरे अनिष्ट मात्र याहून खोल आहे. संध्याकाळी मूल खेळून घरी येते, हातपाय धुते, पंख्याखाली बसते, आणि गणिताची वही आता काढली पाहिजे असा विचार त्याच्या मनात हळूहळू आकार घेऊ लागतो. हा विचार सर्वस्वी त्याचा आहे. त्याने स्वतःला दिलेला तो पहिला हुकूम आहे, आणि ज्याला आपण पुढे चारित्र्य, निश्चय, कर्तव्यबुद्धी अशी भारदस्त नावे देतो त्या सर्वांचा उगम असल्याच क्षुल्लक, कोणाच्या दृष्टीसही न पडणाऱ्या क्षणांत असतो. नेमक्या त्या वेळी आतल्या खोलीतून आवाज येतो, "अभ्यासाला बसलास का? की रोज सांगायला हवं?" आता त्या मुलाने काय करावे? बसावे, तर ते सांगितले म्हणून बसले असे ठरते. न बसावे, तर ते उलटे आहे असे ठरते. त्याचा स्वतःचा निश्चय दोन्ही पक्षी नाहीसा झाला, आणि तो होता याची साक्ष देण्याची सोयही उरली नाही. असे दिवसातून किती वेळा घडते? ऊठ, दात घास, दूध संपव, केस विंचर, नीट बस, पुस्तक इतके जवळ धरू नकोस, आधी गृहपाठ, मग खेळ, मोबाइल ठेव, हळू बोल, लवकर ये, झोप आता. यांपैकी एकही सूचना चुकीची नाही, आणि म्हणूनच आईबापांना आपले काही चुकते आहे असे वाटत नाही. पण या सर्व योग्य सूचनांची साखळी जेव्हा सकाळपासून रात्रीपर्यंत अखंड जोडली जाते तेव्हा त्या मुलाच्या दिवसात त्याने स्वतः आरंभिलेले असे एकही कृत्य शिल्लक राहत नाही. मुलाला हवी असते ती काम करण्याची मुखत्यारी, आणि आपण ऐकतो मात्र कामातून सुटण्याची मागणी. सारा गैरसमज येथून सुरू होतो.

जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक साधा सिद्धांत मांडला: जी मोकळीक माणूस आपली समजत असतो तिच्यावर कोणी आक्रमण केले की ती परत मिळविण्याची ऊर्मी त्याच्यात जागी होते, आणि जे करावयास भाग पाडले जाते त्याविषयी अप्रीती व जे नाकारले जाते त्याविषयी ओढ वाढते. हे प्रौढांविषयी कोणी सांगितले तर आपण लगेच मान्य करतो. कचेरीत ज्याचा साहेब दर अर्ध्या तासाने खुर्चीमागे येऊन उभा राहतो तो कारकून संध्याकाळी घरी येऊन त्या साहेबाविषयी काय बोलतो, हे सर्वांस ठाऊक आहे. मग तोच कारकून रात्री आपल्या मुलाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहतो तेव्हा मुलाच्या मनात कृतज्ञता उपजावी अशी अपेक्षा तो कोणत्या न्यायाने करतो?

मुलाचे लक्ष टिकत नाही म्हणून त्याला टोकावे लागते, असाही एक पोटआक्षेप आहे. रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले, ते मजुरांच्या मुलांसाठी. आईबाप दिवसभर कामावर, मुले वाऱ्यावर, आणि नव्या इमारतींच्या भिंती ती खराब करतात म्हणून त्यांना एका खोलीत जमवावे, एवढाच इमारतवाल्यांचा हेतू होता. त्या खोलीत मॉन्टेसरी यांनी जे पाहिले त्यातील एक प्रसंग त्यांनी आपल्या लेखनात पुनःपुन्हा सांगितला आहे. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या खाचांत बसविण्यात गढून गेली होती. तिच्याभोवती इतर मुलांना गात फिरविले, ती ज्या खुर्चीत बसली होती ती खुर्चीच तिच्यासकट उचलून टेबलावर ठेवली, तरी तिने हातातले काम सोडले नाही, आणि तेच काम चाळीसहून अधिक वेळा केल्यावर ती आपणहून थांबली, ती थकून नव्हे तर प्रसन्न होऊन. त्या मुलीला 'लक्ष दे' असे कोणीही सांगितले नव्हते. ते काम तिने निवडलेले होते आणि ते संपविण्याचा अधिकारही तिचाच होता. आपल्या घरातील मुलाचे लक्ष टिकत नाही अशी तक्रार करणाऱ्याने एक दिवस एवढेच पाहावे की ते मूल कशात तरी गढून गेलेले असता घरातील मोठ्या माणसांनी त्याचा तो तल्लीनपणा किती वेळा मोडला. चित्राच्या मध्यावर जेवायला हाक येते, गोष्टीच्या ऐन रंगात औषधाची आठवण होते, आणि मग तेच हात जोडून विचारतात की याचे चित्त एका जागी का राहत नाही!

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. या तगाद्याला आपल्याकडे सर्रास 'आईची कटकट' म्हणतात, आणि तो दोष स्त्रीस्वभावाच्या खाती टाकून बाप मोकळा होतो. हे मला मान्य नाही. संध्याकाळी दारात पाऊल टाकताच "याचा अभ्यास झाला का?" हा प्रश्न बाप मुलाला विचारीत नाही, तो मुलाच्या आईला विचारतो. मुलाचे गुण, त्याचे वजन, त्याचे अक्षर, पाहुण्यांसमोरचे त्याचे वर्तन, या सर्वांचा जाब जिच्याकडे मागितला जातो, आणि सासरची व माहेरची माणसे, शाळेतल्या बाई व शेजारीण मिळून जिच्यावर डोळा ठेवून असतात, तिच्या तोंडून सूचनांचा पाऊस पडला तर नवल काय? तिच्यावरचा पहारा तीच पुढे मुलावर बसविते. तेव्हा मुलाच्या सुटकेची मागणी ही खरे पाहता त्या आईच्याही सुटकेची मागणी आहे, आणि जो बाप जाब विचारण्यापलीकडे घरात काही करीत नाही त्याने या वादात आधी आपले आसन सोडून खाली यावे.

'आम्ही नाही का वाढलो बोलणी खाऊन?' हा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत पोकळ आहे. वाढलो ते कसे, हे जरा नीट आठवावे. पाच-सात भावंडांच्या घरात कोणत्याही एका मुलाकडे दिवसभर पाहण्याइतकी फुरसत आईला नव्हती आणि बापाला तर नव्हतीच. सकाळी एकदा खरपूस बोलणी बसत, क्वचित पाठीत धपाटाही बसे, आणि त्यानंतर ते पोर जे बाहेर पडे ते नदीवर, चिंचेखाली, आमराईत, गल्लीतल्या विटीदांडूत, कोणाच्या तरी ओसरीवर, ते थेट दिवेलागणीला परत येई. त्या मधल्या सात-आठ तासांत ते कोणाशी भांडले, कोणाशी समेट केला, कोणत्या फांदीवर चढले आणि कोणत्या फांदीवर चढण्याचा विचार सोडून दिला, याची नोंद कोणाच्याही दप्तरी नसे. 'आमच्या वेळी' म्हणून जे सांगितले जाते त्यातील बोलणी तेवढी लक्षात राहिली आणि तो मुक्त प्रहर विसरला गेला. वाढ मात्र त्या मुक्त प्रहरात झाली होती. आजच्या मुलापाशी दोन खोल्यांचे घर आहे, फार तर एक भावंड आहे, शाळेची बस दारातून नेते आणि दारात सोडते, शिकवणीला पोचल्याचा निरोप फोनवर येतो, गृहपाठ काय दिला हे मुलाच्या आधी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटाला कळते. पूर्वीची बोलणी आणि आजचा पहारा यांची बेरीज करून तिला परंपरा म्हणणे ही इतिहासाची विटंबना आहे. आपल्या बालपणात जेवढा काळ आपण मोठ्यांच्या दृष्टीआड होतो त्याचा दहावा हिस्सा तरी आपल्या मुलाला मिळतो का, याचे उत्तर द्यावे आणि मगच 'आम्ही नाही का वाढलो' म्हणावे.

परंपरेचा आधार घेणारे दोन पुरावे नेहमी पुढे करतात. एक, चाणक्याच्या नावावर सांगितला जाणारा तो श्लोक, ज्यात पहिली पाच वर्षे लालन, पुढची दहा वर्षे ताडन, आणि सोळावे लागले की मुलाशी मित्राप्रमाणे वागावे असे सांगितले आहे. ताडनाचा उपदेश मला त्याज्य वाटतो. पण ज्यांना तो प्रमाण वाटतो त्यांनी निदान त्याची मुदत तरी पाळावी. त्या वचनकर्त्याने सोळाव्या वर्षी सगळी सत्ता सोडून देण्याचा स्पष्ट आदेश दिला आहे. आणि आपल्या घरांत बावीस वर्षांच्या पदवीधराला जेवताना मोबाइल बघू नकोस येथपासून कोणत्या नोकरीला अर्ज कर येथपर्यंत सर्व काही दररोज ऐकविले जाते. मित्र मित्राला असे वागवितो काय? अर्धा श्लोक अंमलात आणून अर्धा गुंडाळून ठेवणाऱ्यांना त्याचा हवाला देण्याचा अधिकार पोचत नाही.

दुसरा पुरावा 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातील आई कडक होती, पोहायला जायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला तिने मारीत बाहेर काढले, तेव्हा कडकपणाच मूल घडवितो, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. पुस्तक पुन्हा उघडून पाहावे. स्नान झाल्यावर पायांच्या ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट करतो, तेव्हा ती माउली काय करते? ती त्याला हट्टी म्हणत नाही, कामाची घाई सांगत नाही, शेजारच्या मुलाचा दाखला देत नाही. ती आपल्या अंगावरचे वस्त्र धोंड्यावर पसरते, त्याला त्यावर पाय ठेवू देते, आणि त्यानंतर, एकदाच, तळव्यांइतकेच मनालाही मळापासून जपण्याविषयी एक वाक्य बोलते. ते वाक्य त्या मुलाला जन्मभर पुरले, कारण ते एकटे होते. त्याच्या मागेपुढे दिवसभराच्या शंभर सूचनांचा गलबला नव्हता. आधी मुलाचा शब्द ठेवला गेला, मग आईचा शब्द आला. आणि पोहण्याचा तो प्रसंगही, मारासकट, एकदाच घडला. रोज सकाळी त्या भित्रेपणाचा उद्धार करीत बसण्याचे त्या आईला सुचले नाही. माराचे समर्थन मी करणार नाही. परंतु बेचाळीस रात्रींच्या त्या कथनातून जिला तगाद्याची साक्षीदार म्हणून उभे केले जाते ती तगाद्याच्या विरुद्ध साक्ष देते, एवढे मी निःशंकपणे म्हणतो.

आता स्वैराचाराच्या भीतीकडे वळू, कारण या पक्षाचे सारे बळ अखेरीस तिच्यातच साठलेले आहे. धाक सुटला की मुले बेबंद होतील, असे हे भय. ज्यांनी धाक सोडून प्रत्यक्ष पाहिले त्यांचे अनुभव मात्र कोणी वाचीत नाही. भावनगरला १९२० साली दक्षिणामूर्तीचे बालमंदिर स्थापन करणारे गिजुभाई बधेका मूळचे वकील. मुलांविषयी भाबडेपणा बाळगणाऱ्यांतले ते नव्हते. 'दिवास्वप्न' या त्यांच्या पुस्तकातील शिक्षक चौथीच्या वर्गात पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि वर्गात असा काही गोंधळ माजतो की त्याला मुलांना घरी पाठवून द्यावे लागते. गिजुभाईंनी हे अपयश झाकले नाही. परंतु दुसऱ्या दिवशी तो शिक्षक छडी घेऊन येत नाही, गोष्ट घेऊन येतो, आणि तीच मुले गोष्टीच्या ओढीने स्वतःच वर्गात शांतता राखू लागतात. धाकाच्या कैवाऱ्यांचा अनुभव नेहमी त्या पहिल्या दिवशीच संपतो. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबण्याचे धैर्य त्यांच्यापाशी नसते.

गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह जे काम उभे केले, त्यातूनही हेच दिसते. वारल्यांची मुले शाळेत येत नव्हती. कोणी गुरे राखीत होते, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडत होते. त्या काळचे शहाणेसुरते लोक म्हणत की या मुलांना शिक्षणाची गोडी नाही, आईबापांना दंड केला पाहिजे. ताराबाईंनी आणि अनुताईंनी दंडाचा विचार न करता शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरांमागे जाणाऱ्यांसाठी ती कुरणात नेली. ज्याला आपण मुलाचा नाठाळपणा म्हणत होतो तो आपल्या व्यवस्थेचा नाठाळपणा होता, हे त्यांनी वाद न घालता दाखवून दिले. आज अंगणवाडी हा शब्द साऱ्या देशाच्या तोंडी आहे. पण त्या शब्दामागे मुलाची बाजू आधी समजून घेण्याचा जो विनय होता तो आपल्या सुशिक्षित घरांच्या उंबरठ्याशी येऊन अडला आहे.

आणि यानुष कोर्झाक यांचे काय? वॉर्सा शहरात १९१२ पासून ज्यू अनाथ मुलांचे गृह चालविणाऱ्या या डॉक्टराने तेथे मुलांचे न्यायालय स्थापन केले. न्यायाधीश मुलेच, आणि फिर्याद कोणीही कोणाही विरुद्ध करावी, शिक्षकांविरुद्धसुद्धा. स्वतः कोर्झाक यांनाही त्या न्यायासनासमोर उभे राहावे लागले, आणि आपल्याला यातून पुष्कळ शिकावयास मिळाले असे त्यांनी लिहून ठेवले. त्या न्यायालयाच्या संहितेतील पहिली नव्व्याण्णव कलमे क्षमेची किंवा निर्दोषत्वाची होती; दोषाचे कलम शंभराव्या क्रमांकापासून सुरू होई. तेथे बेबंदशाही माजली काय? युद्ध, उपासमार आणि अखेर ज्यूंच्या कोंडवाड्यातील भयानक दिवस, या सर्वांतून ते गृह आपल्या नियमांनिशी चालत राहिले. १९४२ च्या जुलैत, अखेरच्या दिवसांत, तेथील मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर' हे नाटक केले, ज्यातील आजारी अमल खिडकीशी बसून बाहेरच्या मोकळ्या जगाचा ध्यास घेतो. पुढच्याच महिन्यात नाझींनी त्या मुलांना त्रेब्लिंकाला नेले, तेव्हा स्वतःच्या सुटकेची संधी नाकारून कोर्झाक त्यांच्याबरोबर गेले. मुलांना मोकळीक देणारे निष्काळजी असतात, त्यांची माया उथळ असते, असे जे म्हणतात त्यांनी हे नाव एकदा उच्चारून पाहावे. ज्याने मुलांना स्वतःविरुद्ध फिर्याद करण्याचा हक्क दिला, त्याच्याइतकी माया आपल्यापैकी कितीजणांनी सिद्ध करून दाखविली आहे?

मोकळीक म्हणजे नियमांचा अभाव, हे समीकरण मुळातच खोटे आहे. डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीने पालकांच्या वर्तनाचा अभ्यास करून हुकूमशाही, ढिलाई आणि या दोहोंहून वेगळा असा तिसरा, खंबीर पण ऐकून घेणारा मार्ग यांत स्पष्ट भेद केला, त्याला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. या तिसऱ्या मार्गात नियम असतात, ते पाळलेही जातात. पण त्यांची कारणे सांगितली जातात आणि मुलाची कैफियत ऐकली जाते. आपल्याकडे मात्र वाद नेहमी पहिल्या दोन टोकांतच घातला जातो, कारण तसे केले की पहिले टोक आपोआप जिंकते.

उरला प्रश्न काळाच्या धोक्यांचा. धोके आहेत, मी ते नाकारीत नाही. परंतु विजेच्या उघड्या तारेला हात लावू नकोस हे वाक्य ज्या आवाजात येते त्याच आवाजात, तितक्याच तळमळीने, शर्ट खोच आणि भाजी संपव हीही वाक्ये दिवसभर येत असतील तर मुलाने खरा धोका ओळखावा कसा? अखंड आवाजाकडे कान देणे मनुष्य सोडून देतो. तो उद्धटपणा नव्हे, इंद्रियांचा धर्म आहे. मोबाइलवर भेटलेल्या अनोळखी माणसाविषयी, मित्राने पुढे केलेल्या सिगारेटविषयी, परीक्षेत घसरलेल्या गुणांविषयी मुलाने आईबापांपाशी येऊन आपण होऊन बोलावे असे वाटत असेल, तर बोलायला गेले की नवी शंभर वाक्ये ऐकावी लागतात हा अनुभव त्याच्या गाठीशी असता कामा नये. दहावीच्या वर्षात तर हा तगादा शिगेला पोचतो आणि घराघरांतून हसणे-बोलणेही रजेवर जाते. त्या वर्षी ज्या मुलाला आईबापांच्या विश्वासाची सर्वाधिक गरज असते, त्यालाच त्या घरात अविश्वासाचा दाखला तासातासाला मिळत राहतो. ज्यांच्यापासून त्याला वाचवायचे आहे त्या संकटांपेक्षा आपली बोलणीच त्याला अधिक भयंकर वाटू लागली, तर धोक्याच्या वेळी ते कोणाकडे धावेल?

आणि 'त्याच्याच भल्यासाठी'? हेतू शुद्ध असला म्हणजे कृत्य शुद्ध झाले, असा न्याय आपण जगातल्या दुसऱ्या कोणत्या सत्तेला लावतो? संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या आणि भारताने १९९२ साली मान्य केलेल्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने मुलाला त्याच्याशी संबंधित सर्व बाबतींत आपले मत मांडण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला योग्य वजन देण्याचे बंधन घातले आहे. एकतिसाव्या कलमाने त्याचा विश्रांतीचा, रिकाम्या वेळेचा आणि खेळाचा हक्क मान्य केला आहे. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाच्या शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. म्हणजे परक्या शिक्षकाने वर्गात चारचौघांसमोर मुलाचा पाणउतारा केला तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. आणि तोच पाणउतारा जेवणाच्या ताटावर पाहुण्यांसमोर आईबापांनी केला तर त्याला संस्कार म्हणायचे? घरात कायद्याचा शिपाई यावा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की ज्या घरात मुलावर रोज निकाल सुनावले जातात त्या घरात त्याची बाजू ऐकण्याची एक तरी वेळ, एक तरी जागा असली पाहिजे. आणि आज बहुतेक घरांत ती नाही.

मुलाची मागणी फार लहान आहे. त्याला घर सोडून जायचे नाही, शाळा सोडायची नाही, आईबापांची मायाही नको आहे असे नाही. एकदा सांगा, कारण सांगा, आणि मग मला ते माझ्या वेळी करू द्या. चुकलो तर त्याचे फळ मला भोगू द्या. माझ्या दिवसातला एखादा तास कोणी पाहत नसताना मला घालवू द्या. माझी तुलना कोणाशी करू नका. आणि मी बोलू लागलो की वाक्य संपेपर्यंत थांबा. वही विसरली तर शाळेत उभे राहावे लागेल, डबा विसरला तर दुपारी भूक लागेल, पेपर वाईट गेला तर गुण कमी येतील. हे सारे सोसण्याची त्याची तयारी आहे. ते त्याला सोसू देण्याची तयारी नाही ती आपली. ज्या आईबापांना ही मागणी स्वैराचाराची वाटते त्यांनी तिच्यातील कोणते कलम अन्यायाचे आहे ते दाखवावे, आणि दाखविता येत नसेल तर उद्या सकाळी मुलाच्या खोलीच्या दारात उभे राहून पहिली हाक मारण्यापूर्वी ते आपण होऊन उठते की नाही हे पाहण्यासाठी थांबावे.